गच्चीवरचा पाऊसवाला

आमच्या गावातून कोणी मुंबईला निघालं की आधी माझ्याकडे चक्कर टाकतं. हल्ली बडनेऱ्याला आगगाडीत बसलं की काम झालं, त्यामुळे निघणारेही फार. पागोटं नवं, उपरणं नवं, आणि तोंडावर भलताच उजेड. "आबाजी, तुमी तर मुंबई पाह्यली. संध्याकाळी तठी पाहासारखं काय हाय?" मी म्हणतो, "काही नाई. जेवा आन् झोपा." ते हसतात, म्हातारा कुजका आहे म्हणतात आणि जातात. परत आले की महिनाभर नाटकाच्या पडद्याचं आणि समुद्राच्या वाऱ्याचं गुऱ्हाळ लावतात. तेव्हा मी उठून गोठ्यात जाऊन बसतो.

कुजका तर कुजका. पण मुंबईच्या संध्याकाळी मी जेवढ्या पाहिल्या तेवढ्या या गावात दुसऱ्या कोणी पाहिल्या नसतील. मी तिथे मजा मारायला गेलो नव्हतो, भाऊ शोधायला गेलो होतो. मजा मारणारा एका ठिकाणी रमला की झालं. मला मेली सगळीच ठिकाणं पालथी घालावी लागली.

अमेरिकेत लढाई चालू होती ते हे दिवस. तिकडचा कापूस यायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की शहाणी माणसं येडी झाली. आमच्या नांदगाव खंडेश्वराकडच्या एका गड्याने बैलांच्या शिंगांना चांदी बसवली आणि स्वतः पहिल्यासारखाच अनवाणी फिरत राहिला. अमरावतीच्या बाजारात मुंबईचे अडते येऊन बसले. दिवसभर कापूस घ्यायचे आणि दिवेलागण झाली की जांभया द्यायचे. "काय हो तुमचं गाव! संध्याकाळी करायचं तरी काय माणसानं?" जसं काही संध्याकाळ ही करमणुकीसाठीच होते. गुरं बांधायची असतात, भाकर खायची असते, देवळात भजन असतं, ते यांच्या हिशेबी कुठंच नव्हतं.

अशा जांभया देणाऱ्यांच्या हाती माझा थोरला भाऊ सापडला. त्याला मी दादा म्हणे. दादाला पाऊस कळायचा. जादू नव्हती ती. संध्याकाळी वारा पडला, मानेवरून घामाची धार लागली, गाई वासरांना चाटेनाशा झाल्या की तो म्हणायचा, "आज येते." आणि यायचा. गावाला त्याचं नवल नव्हतं. त्यानं सांगितलं की लोक कडब्याच्या, कापसाच्या गंज्या झाकायचे आणि कामाला लागायचे. त्या साली होळीच्या सुमारास आम्ही अमरावतीला गाड्या घेऊन गेलो होतो. बाजारात कापसाचे ढीग उघडे पडले होते, आभाळ निरभ्र होतं. दादानं मान पुसली आणि शेजारच्या मुंबईच्या शेटाला म्हटलं, "कापूस झाका." बाकीचे हसले. त्या शेटानं गंमत म्हणून झाकला. घटकाभरात गारा पडल्या आणि त्याचा ढीग तेवढा कोरडा राहिला.

शेट खूश. त्यानं दादाला गादीवर शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं विडा दिला आणि म्हणाला, "चला पाटील, तुम्हाला मुंबई दाखवतो. आमच्याकडे संध्याकाळी काय काय असतं ते बघा." दादाच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. "चार रोज पाहून येतो," म्हणाला आणि गेला. गुढी उभी राहिली, उतरली. अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली. उन्हाळवखरणी मी एकट्यानं ओढली. दादाचा पत्ता नाही. कापसाच्या गाड्यांसोबत जाणाऱ्या गाडीवानांकडून निरोप तेवढा यायचा: पाटील मजेत आहेत, संध्याकाळी त्यांचा मोठा मान असतो. एकदा तर निरोपासोबत मागणी आली, आपल्या वावरातली काळी माती मडकंभर पाठवा. वयनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, खुळ्यासारखं हौसेनं मडकं भरून वर फडकं बांधून दिलं. तिला वाटलं, घरची आठवण होत असेल.

इथे एक रीत सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात पेरणीची पहिली मूठ थोरल्यानं धरायची. सरकी शेणात मळून वाळवलेली असते. तिची मूठ भरून पेरणीच्या तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, धरायची आणि बी सोडत पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, पुरं करायचं. मग पुढे कोणीही पेरो. बाबाचा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, तेव्हा त्यानं नारळ फोडून दादाच्या हाती मूठ दिली होती. दिलेली मूठ बाप परत घेत नाही. आणि थोरला जिता असताना धाकट्यानं ती धरली, तर त्याचा अर्थ सगळ्या गावाला ठाऊक होता. थोरला गेला, असा. म्हणजे दादा मृगाला आला नाही तर एक तर वावर पडीक राहणार, नाहीतर मी मूठ धरणार आणि गाव माझ्या वयनीच्या कपाळाकडे पाहणार.

बाबा बाजेवरून म्हणाला, "मृगाच्या आंधी त्याले घेऊन ये." वयनीनं दशम्या बांधून दिल्या. "भाऊजी," ती म्हणाली, "हात धरून आणजा." एवढंच बोलली आणि चुलीकडे वळली.

आमच्याकडे तेव्हा आगगाडी आली नव्हती. अकोल्याला मुक्काम झाला. तिथेही मुंबईचं वारं लागलेलं. कोण्या ठेकेदारानं तंबू ठोकून कापूसवाल्यांसाठी रोज तमाशा लावला होता, आणि ज्यांची बायकापोरं घरी वाट पाहत होती तेच पुढे बसून फेटे उडवत होते. पुढे खानदेशातून गाडी मिळाली, मध्ये घाट पायी उतरलो, खाली पुन्हा गाडी. मुंबईत उतरलो आणि पहिलं काय झालं? घाम. मान, पाठ, कंबर, सगळं चिंब. वारा पडलेला. मी शेटाच्या पेढीच्या पडवीत उतरलो होतो. शेजारी आणखी परगावचे लोक पथाऱ्या टाकून बसलेले. मी त्यांना म्हटलं, "बोचकी आत घ्या बापा, पाणी येते." दोघातिघांनी भीतीनं घेतलीही. थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तोच घाम, आणि मी पुन्हा बोचकं ओढलं. पेढीचा मुनीम पोट धरून हसला. "अहो, इथे बारा महिने घाम येतो. घामावर पाऊस आला असता तर मुंबई बुडाली असती." तेव्हा मला कळलं की या गावात घामालासुद्धा काही अर्थ नाही. आमच्याकडे घाम खोटं बोलत नाही.

मुनिमाला मी दादाचं विचारलं. "पाटील ना? आहेत की! काल नाटकाला गेले होते. आजही जातील." गेलो. ग्रँट रोडला मोठं लाकडी घर, आत बाकं, पुढे तेलाचे दिवे, आणि रंगवलेल्या पडद्यावर राजवाडा. राजवाड्याच्या खांबाला वाऱ्यानं सुरकुत्या पडत होत्या. राजा गायला, मग तलवार खाऊन मेला. लोकांनी ओरडा केला तसा मेलेला राजा उठला, धोतर सावरलं आणि तेच गाणं पुन्हा म्हणून परत मेला! शपथ सांगतो. आमच्या गावच्या दंडारीच्या खेळात मेलेला गडी आरती होईस्तोवर पडून राहतो, डास चावले तरी. मी नाटकाकडे पाठ करून बाकांवरची तोंडं पाहत होतो, तर मागचे "बसा खाली, बसा खाली" म्हणून कावले. दादा नव्हता.

"अरेरे, चुकामूक झाली," मुनीम म्हणाला. "आज मैदानात हवा खायला जाणार आहेत." हवा खायला! मी दोनदा विचारलं की खायला म्हणजे काय. समुद्राच्या बाजूच्या मैदानात गोऱ्या शिपायांचा बाजा वाजत होता. बग्ग्या ओळीनं उभ्या, त्यात शेट लोक मखमली टोप्या घालून ताठ बसलेले. बाज्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. या बग्गीतले त्या बग्गीत पाहत होते, त्या बग्गीतले या बग्गीत. घटकाभर असं एकमेकांना पाहिलं आणि निघाले घरी. झाली हवा खाऊन. वाऱ्याला मासळीचा वास मारत होता. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, याहून बरी हवा असते आणि तिथे कोणी बाजा लावत नाही. दादा तिथेही नव्हता.

तिसऱ्या खेपेला मुनिमानं डोळा मिचकावून एका कलावंतिणीच्या माडीचा पत्ता दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गेलो. अरुंद जिना, वर सारंगी, अत्तराचा घमघमाट. आतून "क्या बात है" असा गजर ऐकू येत होता. जे ओरडत होते त्यांच्यातल्या निम्म्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं हे माझ्यासारख्या अडाण्यालाही समजत होतं, कारण बाई श्वास घ्यायला थांबली तरी ते ओरडत होते. दाराशी एक म्हातारी सुपारी कातरत बसली होती. तिनं माझ्या वहाणांकडे पाहिलं. "कोण पाहिजे?" मी सांगितलं, वऱ्हाडचा असा असा माणूस. "वऱ्हाडचा कोणी येत नाही इथं," ती म्हणाली. "तुला फिरवतायत रे. पैसे संपायच्या आत घरी जा." त्या अख्ख्या शहरात माझ्याशी नीट बोललेली ती एकटी. तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं मी आजही खपवून घेत नाही.

फिरवतायत. ती म्हणाली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. मुनिमाला मी पुन्हा काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेढीवरून सगळे कुठे जातात ते पाहत, एका कारकुनाच्या मागे लागलो. तो गेला ताडीच्या बागेत. ताडांच्या बुंध्याशी मडकी, बाकं, आणि दिवसभर खर्डेघाशी केलेले लोक आंबूस तोंडानं गप्पा हाणत बसलेले. हीच त्यांची मौज. मी त्याच्यासमोर बसलो, एक मडकं मागवलं, पिण्याचं नाटक केलं आणि म्हटलं, "वऱ्हाडचा एक पाटील पावसाचं सांगतो म्हणे."

"पाऊसवाला!" कारकुनाचे डोळे चमकले. "अहो, तो तर आमच्या शेटाच्या गच्चीवर असतो रोज. तुम्ही लावत नाही?"

"काय लावत नाई?"

मग त्यानं सांगितलं. गच्चीवर एक परनाळ होती. सांगितलेल्या वेळेत तिच्यातून पाणी वाहिलं तर पाऊस आला, नाहीतर नाही, यावर पैजा लागायच्या. पावसावर जुगार! मला वाटलं ताडी याच्या डोक्यात गेली. पण तो पुढे सांगत राहिला. परगावचे पाहुणे आले की शेट त्यांना वर नेतो, पाटील ढग बघून सांगतो येणार, पाहुणे भोळेपणानं त्याच्या बाजूनं लावतात. "आणि आम्ही जाणते लोक उलट लावतो," कारकून हसत म्हणाला. "पाटलानं येणार म्हटलं की समजायचं, येत नाही. फार गुणी माणूस आहे. कधी चुकत नाही."

मी मडकं तसंच ठेवून उठलो. माणसानं किती खालच्या थराला जावं? पाऊस यावा म्हणून आमच्याकडे बायका देवाला पाण्यात कोंडतात. पाऊस हुकला की घरातलं पोर उपाशी निजतं. आणि हे शेट पोटभर जेवून, गच्चीवर गाद्या टाकून, त्याच पावसावर खेळत होते. आणि त्यांच्या जाळ्यात पाहुणे ओढायला बांधलेली शेळी माझा दादा होता.

त्याच संध्याकाळी शेटाच्या घराची गच्ची गाठली. मुनीम जिन्यात आडवा आला, त्याला खांद्यानं बाजूला सारलं. वर सूर्य नुकताच बुडाला होता. गाद्या, लोड, हुक्के, आणि मध्ये पाटावर दादा. वैशाखाच्या उकाड्यात त्याच्या खांद्यावर घोंगडी! आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी घोंगडी पांघरत नाही. पण पाहुण्यांना खेडूत दिसावा म्हणून पांघरवलेली. डोक्यावर भलंमोठं पागोटं, पाय अनवाणी, आणि पुढ्यात मडकं. ते मडकं मी ओळखलं. वयनीनं बांधलेलं फडकंही तसंच होतं. दादानं मडक्यातून मातीचं ढेकूळ काढलं, डोळे मिटून हुंगलं, मान पुसली, बोट ओलं करून वर धरलं आणि ओरडला, "येते! येतेच!" पाहुण्यांनी खिशात हात घातले. जाणत्यांनी एकमेकांना कोपर मारलं. समुद्रावरून एक काळा ढग आला, सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि तसाच पुढे निघून गेला. परनाळ कोरडी. गच्चीवर टाळ्या आणि हसणं. दादानं हात जोडून चहूकडे मान लववली.

मी त्याचा दंड धरून त्याला कोपऱ्यात नेलं. तो मला पाहून खरोखर आनंदला, हेही सांगितलं पाहिजे. गळ्यातच पडला. अंगाला अत्तराचा वास येत होता.

"दादा, चाल घरी. तुले फसवून राह्यले हे लोक," मी म्हटलं. "तू म्हणतं त्याच्या उलटं लावतात."

"मले ठाऊक हाय," दादा म्हणाला.

मला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही. "काय ठाऊक हाय?"

"मी सांगतो ते उलटं होते म्हनून. आल्या आल्याच समजलं मले. अठीचा घाम खोटा हाय."

"मंग? तरी बसतं तू अठी?"

दादानं घोंगडी खांद्यावर नीट केली. "गावात मी आजवर खरं सांगितलं. गंज्या झाका म्हटलं, लोकायनं झाकल्या, कापूस वाचला. कोण्या एकानं म्हटलं का, वा पाटील? अठी रोज खोटा ठरतो, आन् आख्खी गच्ची टाळ्या वाजवते."

"तुयावर हासतात रे ते!"

"हासतात. पन पाहतात ना मायाकडे."

मी म्हटलं, "बाबा वाट पाहून राह्यला. मृग जवळ आला. मूठ कोन धरीन?"

"तूच धर," दादा म्हणाला. कोणी पाणी मागावं आणि घे म्हणावं, तसा म्हणाला.

"तुले समजते का तू काय बोलून राह्यला? मी मूठ धरली म्हंजे तू मेला."

"मुंबईत कोन पाहून राह्यलं ते?"

"वयनी पाहून राह्यली."

तेव्हा मात्र त्याची नजर खाली गेली. मला वाटलं, आला आता, हलला. पण तेवढ्यात मागून शेट ओरडला, "पाटील, दुसरा ढग!" आणि दादानं माझा हात सोडवला, पागोटं सारखं केलं आणि जाऊन पाटावर बसला. मी मडकं उचलून नेणार होतो. आमच्या वावराची माती होती ती. पण त्यानं हुंगायला हात घातला होता आणि त्या हाताला मी हात लावू शकलो नाही. जिना उतरताना वरून "येतेच!" ऐकू आलं आणि पाठोपाठ हसणं.

परतीची वाट कशी सरली ते मला आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा मृग लागून पाऊस झाला होता, वावराला पेरणीजोगा वाफसा आला होता आणि चहूकडे लोकांच्या तिफणी चालल्या होत्या. आमचंच रान तेवढं उघडं. मी एकटाच आलेला बाबानं बाजेवरून पाहिलं. मीच सगळं सांगितलं, वयनीच्या समोर. लपवलं असतं तर ती आयुष्यभर वाट पाहत बसली असती. गच्ची सांगितली, घोंगडी सांगितली, मडकं सांगितलं. मडक्याचं ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. "तूच धर" म्हणाला, हे सांगितलं तेव्हा बाबा भिंतीकडे वळला.

गावचे चार लोक आले. वाफसा निघून जाईल, म्हणाले, आता धाकट्यानं मूठ धरावी. ते काही वाईट बोलत नव्हते. पण बोलताना त्यांच्यातल्या प्रत्येकानं एकेकदा वयनीच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि मी सांगून टाकलं की मी धरणार नाही, वावर जळून गेलं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात नुसता बसलो होतो. बाबानं सांगितलं म्हणून दोघा गड्यांनी त्याला बाजेसकट धुऱ्यावर आणून ठेवलं होतं. वयनी आली. डोक्यावर सरकीची टोपली, कपाळावर रोजच्याहून मोठं कुंकू. ती सरळ तिफणीपाशी गेली.

"भाऊजी, तिफन हाका," ती म्हणाली. "मूठ मी धरतो."

बाईमाणसानं पहिली मूठ धरलेली आमच्या पंचक्रोशीत कोणी ऐकलेलं नव्हतं. गडी एकमेकांकडे पाहू लागले. मी बाबाकडे पाहिलं. ती बाबाकडे न पाहताच बोलली, "ते जित्ते हायेत. मंग भाऊजीनं काहून धरा? त्यायच्या जागी मी हावो ना."

बाबाचा चांगला हात बाजेच्या काठावर होता. त्यावर भार देऊन तो जरा उठला. मग बाबा म्हणाला, "धर माय." आणि रडला. माझ्या बापाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्या साली कापसाची पऱ्हाटी बरी आली.

पुढे ती अमेरिकेतली लढाई संपली. भाव धाडकन खाली आला आणि मुंबईत शेटांचं दिवाळं वाजलं, हे आमच्याकडे अमरावतीच्या बाजारात कळलं. काल गादीवर लोळणारे आज तोंड लपवत फिरू लागले. मला वाईट वाटलं नाही, मुळीच नाही. त्या गच्चीवर कोणी दिवा लावणारंही उरलं नाही म्हणे. कापसाच्या परत येणाऱ्या रिकाम्या गाड्यांमागून चालत चालत, जेठाच्या उन्हात, दादा घरी आला. वाळून कोळ झालेला. वयनीनं पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. बाबानं त्याला "आला?" एवढंच म्हटलं. कोणी त्याला घालून पाडून बोललं नाही. मी बोलणार होतो, पण त्याला गपागप जेवताना पाहिलं आणि आणखी एक भाकर त्याच्या ताटात टाकली.

मृगाला वाफसा झाला. पेरणीच्या दिवशी दादानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि आमच्या आधी वावरात येऊन उभा राहिला. मी तिफण जुंपली. वयनीनं टोपली खाली ठेवली. दादा पुढे आला आणि तिच्यापुढे त्यानं ओंजळ पसरली, मूठ घ्यायला. गडी थांबले. बाबा धुऱ्यावरच्या बाजेवरून पाहत होता.

वयनीनं दादाच्या ओंजळीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलंही नाही.

"तुमी धसकटं वेचा," ती म्हणाली.

मागल्या पिकाची खुंटं वेचायचं काम बायकांचं आणि पोरांचं. दादानं ओंजळ मिटली. मग तो बाजूला झाला, वाकला, आणि वेचू लागला. वयनीनं सरकीची मूठ भरून चाड्यावर धरली आणि मी बैलांना हाक दिली. तिचा हात इतका कापत होता की मला वाटलं, हे तास वाया गेलं. पण आठवड्यानं मी पाहायला गेलो, तर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत उगवलेल्या रोपांत कुठे खाडा नव्हता.